संगणकाला लागलेला दम

मंदपणाची निंदा करणे फार सोपे असते. बैल हळू चालला की त्याला आपण आळशी म्हणतो, गाडी रखडली की चालकाला दोष देतो, आणि वर्गातील एखाद्या मुलाला उत्तर द्यावयास वेळ लागला की 'मठ्ठ' हा शिक्का त्याच्या कपाळी बसतो. तो हळू का, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या घरातील संगणकावर असाच एक शिक्का बसला होता. तो जर कायम राहिला असता, तर संगणक भंगारात गेला असता, दादाची रात्रपाळी सुटली नसती, आणि 'मुलांच्या खेळापायी यंत्र गेले' हा आरोप माझ्या व माझ्या धाकट्या भावाच्या माथी जन्मभर राहिला असता.

आमचे घर उधन्यात, रेल्वेच्या रुळांपासून फारसे दूर नाही. तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर करीत जळगावला जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. ह्याच मार्गाने माझी आजी लग्नानंतर आजोबांच्या मागोमाग सुरतेस आली. निम्मा खानदेश ह्या रुळांवरून उधन्यात उतरला, असे बाबा थट्टेने म्हणतात. पण आमच्या गल्लीत सकाळी नळावर उभे राहिले तर त्या थट्टेत पुष्कळच तथ्य आहे असे वाटते. बाबा पांडेसऱ्यातील एका डाइंग मिलमध्ये काम करतात. दादा एम्ब्रॉयडरीच्या खात्यात बारा तासांच्या रात्रपाळीला जात असे. आणि आई घरी बसून साड्यांचे धागे कापते. भरतकामाचे यंत्र एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे सरकताना धागा तसाच ओढत नेते. ते लोंबते धागे एकेक करून कात्रीने काढावे लागतात, तेव्हा कुठे साडी दुकानात मांडण्याजोगी होते. सुरतेची साडी देशभर जाते, परंतु तिच्या मागच्या बाजूवरून किती घरांतील बायकांची बोटे फिरलेली असतात, हे ती नेसणारीला क्वचितच ठाऊक असेल. असो.

दादाने २०२२ साली तो संगणक जुनाच विकत घेतला, तो पंचिंग शिकण्यासाठी. कागदावरील नक्षी भरतकामाच्या यंत्राला कळेल अशा टाक्यांच्या भाषेत उतरविणे, ह्याला आमच्याकडे पंचिंग म्हणतात. एका मोरासाठी हजारो टाके, आणि प्रत्येक टाका कोठे पडावा, कोणत्या क्रमाने पडावा, हे ठरवावयाचे. हे काम हाती आले की मनुष्य रात्रभर यंत्रापुढे उभा राहण्यातून सुटतो. दादाची सारी आशा त्या एका काळ्या पेटीत होती. घरात खोली एकच; तेव्हा ती पेटी टेबलाखाली जमिनीवर ठेवली होती, आणि तिच्या शेजारीच आईची बसण्याची जागा. संध्याकाळी दादा पाळीला निघून गेला की आम्हां दोघां भावंडांना तासभर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळण्याची परवानगी असे.

एप्रिलच्या सुमारास ह्या शर्यतीत विघ्न येऊ लागले. आरंभी मोटार पाण्यातल्या माशासारखी सुळकन पळे. दहाएक मिनिटे गेली की चित्र अडखळू लागे. वळणावर चाक फिरवावे, तर मोटार क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबे, आणि मग एकदम कठड्यावर जाऊन आदळे. धाकट्याला वाटे, मीच बटणे दाबून त्याला हरविते! पुढे पुढे दादाचे पंचिंगही रखडू लागले. मोठी नक्षी उघडली की पडदा गोठून जाई, आणि बारा तास उभे राहून आलेला दादा सकाळी त्या गोठलेल्या मोरापुढे डोके धरून बसे.

घरात निदाने सुरू झाली. बाबा म्हणाले, "यंत्र म्हातारे झाले." आई म्हणाली, "तुमच्या त्या शर्यतींनीच ते झिजले." अखेर एका दुकानदाराला बोलाविले. त्याने दोन मिनिटे चालू करून पाहिले आणि निकाल दिला की ह्याचे आयुष्य संपले. पस्तीस हजारांत नवा घ्या, जुन्याचे दोन हजार वजा करून देतो. त्याने आणखी एक कारण पुढे केले: विंडोज १० ची विनामूल्य दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद होणार होती, आणि आमच्या यंत्रावर विंडोज ११ बसत नव्हते. हे खरेच होते. परंतु ती सुरक्षिततेची बाब झाली. आज संध्याकाळी मोटार का अडखळते ह्याच्याशी तिचा काय संबंध? पेटी उघडून मात्र त्याने एकदाही पाहिली नाही. आमच्या घरी त्या वेळी बारा हजार रुपये शिल्लक होते.

मी निकालाला आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

प्रथम मंदपणा म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे भाग होते. संगणकावरील खेळ हा चित्रपटाचाच भाऊबंद. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि आपल्याला हालचाल भासते. फरक इतकाच की चित्रपटातील चित्रे आधी तयार असतात, तर खेळातील प्रत्येक चित्र त्या क्षणी नवे काढावे लागते. कारण मी चाक डावीकडे वळविणार की उजवीकडे, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी यंत्राला जेमतेम सोळा ते सतरा सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्यात मोटारीची जागा काढायची, टक्कर झाली का ते पाहायचे, झाडांच्या सावल्या पाडायच्या आणि पडद्यावरील २०,७३,६०० ठिपक्यांना रंग द्यायचा. हा आकडा मी १९२० आणि १०८० ह्यांचा गुणाकार करून काढला, तेव्हा त्या पेटीविषयी मला प्रथमच थोडा आदर वाटला. सेकंदाला वीसच चित्रे निघू लागली की हात आणि डोळा ह्यांची फारकत होते. चित्रपटात चोवीस चित्रे पुरतात, कारण तेथे आपला हात मांडीवर स्वस्थ असतो.

ह्या वाचनात दोन मौजेच्या गोष्टी सापडल्या, त्या येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो ह्यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. पडद्यावर पंचावन्न शत्रू, आणि ते सारे काढता काढता त्या काळच्या यंत्राची दमछाक होई. जसजसे शत्रू मरत तसतसे काम हलके होई आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने धावून येत. निशिकादो ह्यांनी ही उणीव दुरुस्त केली नाही, तशीच ठेवली; आणि शेवटच्या शत्रूचा तो जीवघेणा वेग हेच त्या खेळाचे मर्म ठरले. दुसरी गोष्ट नेमकी उलटी. १९८१ सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकाचे हृदय सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके देई, आणि पुष्कळ खेळ त्या ठोक्यांवरच बेतलेले असत. पुढे वेगवान यंत्रे आली, तेव्हा तेच खेळ इतके सुसाट पळू लागले की खेळता येईनात. म्हणून त्या यंत्रांवर 'टर्बो' नावाचे एक बटण असे आणि ते मोकळे सोडले की यंत्र मुद्दाम हळू होई! मंद व्हावे म्हणून बटण दाबणारी माणसेही ह्या जगात होऊन गेली, हे वाचून धाकट्याने आपले बटण शोधून पाहिले. आमच्या पेटीला ते नव्हते.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेत एक नियम घालून दिला आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आकडा लिहून ठेवावा. मी वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. सेकंदाला किती चित्रे निघतात हे खेळातच पडद्याच्या कोपऱ्यात दाखविण्याची सोय होती. पहिल्या दिवशीची नोंद अशी: आरंभी ४१, दहा मिनिटांनी १४.

मग मी चित्राचा आकार कमी केला. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके. पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. चित्र काढण्याचे ओझे हाच रोग असता तर ह्या उताऱ्याने तो बरा व्हावयास हवा होता. आरंभीचा आकडा खरोखरच ६० वर गेला. पण दहा मिनिटांनी पाहते तो १७! म्हणजे ओझे हलके केल्याने सुरुवात सुधारली, पण नंतरची घसरण जशीच्या तशी राहिली. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हे त्या दिवशी वहीने मला सांगितले.

त्यानंतर मेमरी. संगणकाची मेमरी म्हणजे कामाचा ओटा, आणि हार्ड डिस्क म्हणजे माळ्यावरचे कोठार. ओटा भरला की यंत्र एकेक वस्तू माळ्यावर ठेवते आणि लागली की पुन्हा शिडी लावून काढते. मग काम रखडणारच. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची एक खिडकी आहे, तीत हे सारे दिसते. आमच्या आठ जीबीपैकी साडेपाचच्या आसपास वापरात होते. ओटा भरलेला नव्हता. त्याच खिडकीत मला असेही आढळले की संगणक सुरू होताच सात निरनिराळे प्रोग्रॅम कोणी न बोलाविता येऊन बसतात. त्यांतील जे नको होते ते मी दादाला विचारून बंद केले. यंत्र सुरू व्हावयास पूर्वीपेक्षा बराच कमी वेळ लागू लागला, आणि ह्या लाभाबद्दल बाबांनी मान डोलावली. दहाव्या मिनिटाला मोटार मात्र पुन्हा अडखळलीच.

खरा धागा सापडला तो घड्याळामुळे. एके दिवशी मी पहाटे सहाला खेळ लावून पाहिला. घसरण अठराव्या मिनिटाला सुरू झाली. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता, पत्रे तापलेले असताना, ती सहाव्या मिनिटाला आली. जो रोग पहाटे उशिरा आणि दुपारी लवकर येतो, तो प्रोग्रॅममध्ये कसा असेल? प्रोग्रॅमला ऊन लागत नाही. त्याच दुपारी आजी टेबलाजवळ आली होती. तिने पेटीवर सहज हात ठेवला आणि चटकन मागे घेऊन म्हणाली, "त्याले दम लागना व माय!"

मी टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरच्या वेगाकडे डोळे लावून बसले. खेळ सुरू होताना तो ३.२ गिगाहर्ट्झ होता, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोके. सहावे मिनिट उलटले आणि तो आकडा पायऱ्या उतरावा तसा खाली येत ०.८ वर स्थिरावला. ठोके चौथाईवर आले होते. एका विनामूल्य प्रोग्रॅमने तापमानही दाखविले: ९८ अंश सेल्सिअस. पाणी उकळण्यास दोनच अंश कमी!

मग सरांकडे गेले. त्यांनी सांगितले की हा बिघाड नसून यंत्राची आत्मरक्षा आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या त्या प्रोसेसरमध्ये काम जोरात चालू असताना पूर्वीच्या साठ वॅटच्या दिव्याएवढी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ती वाहून नेण्यासाठी त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसविलेला असतो आणि वर पंखा. उष्णता निघून गेली नाही तर प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतो, म्हणजे तो जळत नाही. इंग्रजीतून आलेला ह्याचा शब्द थर्मल थ्रॉटलिंग. आजीने एका वाक्यात सांगितले ते हेच, असे मी म्हटल्यावर सर हसले आणि आजीचे गाव विचारून घेतले.

रविवारी दादाने आणि मी पेटी उघडली. वायर भिंतीतून काढली; अंगातील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू नयेत म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्याला आधी हात लावला; चार स्क्रू काढले. आत पाहिले आणि दोघेही क्षणभर बोललो नाही. पंख्याखालची पाती दिसतच नव्हती. त्यांच्यावर एक जाड, मऊ गादी बसली होती. गुलाबी, हिरव्या, पोपटी धाग्यांची, मधून मधून जरीचे कण चमकत असलेली. दादाने ती चिमट्याने उचलली तेव्हा ती एखाद्या नमदाच्या तुकड्यासारखी अखंड निघून आली. पंखा इमानाने फिरत होता, पण त्याचा वारा त्या गादीवर आपटून परत येत होता. तीन वर्षे आईच्या कात्रीखालून उडालेला प्रत्येक तंतू ह्या पेटीने श्वासाबरोबर आत ओढून घेतला होता.

आई साडी मांडीवर घेऊन बाजूलाच बसली होती. तिने ती रंगीत गादी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि हलकेच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच झाले हे." तिच्या ह्या एका वाक्याने आमचा सारा आनंद मावळला. दादाने घाईघाईने सांगितले, "अगं आई, ह्याच साड्यांच्या पैशातून तर हा आणला." ती काही बोलली नाही. पुन्हा कात्री चालू झाली. थोड्या वेळाने तिला खोकला आला. तसा तो तिला नेहमीच येतो. आम्हां सर्वांच्या कानांना त्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकूच येत नसे. त्या दिवशी मला तो ऐकू आला.

सफाईला दीड तास लागला. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, कारण वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बिघडतो. मग रंगाच्या कोरड्या ब्रशाने आणि सायकलच्या पंपाने खाचा मोकळ्या केल्या. ठोकळा उचलल्यावर खालचा लेप वाळून खडूसारखा झालेला दिसला. दोन धातू कितीही घट्ट दाबले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म फटी राहतात, आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट नावाचा लेप लावतात. दादाने त्याची लहानशी नळी आणून ठेवली होती. जुना लेप पुसून वाटाण्याएवढा नवा लावला आणि पेटी बंद केली.

त्या संध्याकाळच्या नोंदी मी लाल शाईने लिहिल्या आहेत. तापमान ६६. लहान आकाराच्या चित्रावर आरंभी ६०, दहा मिनिटांनी ५९, तासाने ५७. मोठ्या आकारावर मात्र ४० च्या वर काही केल्या जात नाही. ते ओझे खरोखरच त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. चित्रासाठी वेगळे कार्ड नाही, प्रोसेसरच मुख्य मेमरी उसनी घेऊन चित्रे काढतो, आणि मेमरीची पट्टी एकच आहे. दोन पट्ट्या असत्या तर येण्याजाण्यास दोन वाटा झाल्या असत्या. दुसरी पट्टी अजून घ्यावयाची आहे. तोवर आम्ही लहान आकारावर, झाडांच्या सावल्या बंद करून खेळतो. बिनसावलीच्या झाडांखालून मोटार पळविणे थोडे विचित्र वाटते, पण धाकटा आता माझ्यावर आरोप करीत नाही.

विंडोजच्या दुरुस्तीचेही आम्ही पाहिले. एक वर्षाची वाढीव मुदत घेता येत होती, ती घेतली. दादाचे मोर आता गोठत नाहीत. दोन खात्यांचे पंचिंग त्याला घरी मिळू लागले, आणि २०२५ च्या दिवाळीनंतर त्याने रात्रपाळी सोडली. पेटी आता जमिनीवर नसून भिंतीवरच्या फळीवर आहे. तिच्या तोंडाला मच्छरदाणीचा एक तुकडा लावला असून महिन्याच्या पहिल्या रविवारी तो धुण्याचे काम माझ्याकडे आहे.

फळी ठोकून झाली त्या दिवशी आई हसत म्हणाली होती, "बरं आहे बाई, त्याच्या पोटात दोन पंखे, तोंडाला जाळी. त्याच्याच शेजारी मी एवढी वर्षे बसले." ती थट्टाच करीत होती. बाबा मात्र हसले नाहीत. नव्या संगणकासाठी ठेवलेल्या बारा हजारांपैकी काही रक्कम घेऊन ते दुसऱ्याच दिवशी बाजारात गेले आणि हवा बाहेर फेकणारा एक पंखा घेऊन आले. आई बसते त्या जागेच्या वर भिंतीला भोक पाडून त्यांनी तो स्वतः बसविला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढून पाहिले. पंख्याच्या जाळीवर गुलाबी, हिरव्या आणि पोपटी तंतूंचा पातळसा पापुद्रा धरू लागला होता.